मदत हवी आहे: आबांना तळकोकण दाखवायचंय

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर तीन दिवस आबांना घेऊन कोल्हापूरहून मालवण-रत्नागिरीला जायचं ठरतंय. आबा ७४ वर्षांचे, गुडघे साथ देत नाहीत, पण सिंधुदुर्गावरचे शिवरायांच्या हाता-पायाचे चुन्यातले ठसे बघायचेच, असं कितीतरी वर्षं म्हणतायत. त्यांच्यासाठीच ही सगळी धडपड.

मालवणच्या धक्क्यावर होडीत चढता-उतरताना कुणी हात देतं का? भरती-ओहोटी बघून किती वाजता जावं?

सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर गंजिफा (खेळायचे पारंपरिक गोल पत्ते) रंगवताना दिसतात का? मला ते बारीक कुंचल्याचं काम जवळून बघायचंय.

येताना रत्नागिरीचा थिबा राजवाडा, ब्रह्मदेशच्या राजासाठी १९१० साली बांधलेला. तिथलं संग्रहालय सोमवारी उघडं असतं का? आंबा घाटातून त्याच दिवशी परतायचंय.