मदत हवी आहे: वंशावळीच्या ग्राफ डेटाबेसमध्ये नात्यांचे प्रकार किती ठेवावेत?

नमस्कार मंडळी,

आमच्या घराण्याचा जुना छापील कुलवृत्तांत मी निओफोरजे (Neo4j) या ग्राफ डेटाबेसमध्ये भरतेय. त्यात माणसं, गावं म्हणजे बिंदू (नोड) आणि त्यांना जोडणारी नाती म्हणजे रेषा (एज). पुस्तकात मुलीच्या नावापुढे सासरचं गाव लिहिलंय आणि तिथेच तिची ओळ संपते. लेकींच्या शाखाही मुलांइतक्याच पुढे जाव्यात, म्हणून हा खटाटोप. साधारण बाराशे माणसं भरून झाली, आता एजच्या प्रकारांवर अडकलेय.

आधी प्रत्येक नात्याला वेगळा प्रकार दिला: मामा, मावशी, आत्या, नणंद, जाऊ. वाचायला फार छान वाटायचं. पण घरात बाळ जन्मलं की पंधरा-वीस एज जोडा. मग कळलं की एक खापरपणजोबा दत्तक गेले होते आणि पुस्तकात ते जन्मघरीच आहेत. त्या एका दुरुस्तीपायी खालच्या दोन पिढ्यांचे काका-आत्या बदलावे लागले. तयार एजचा प्रकार निओफोरजेत बदलता येत नाही, जुनी पुसून नवी करावी लागते.

मग एकच प्रकार ठेवला, 'संबंध', आणि बाकी सगळं प्रॉपर्टीत, म्हणजे एजवर लिहायच्या तपशिलात. माणसांपुरतं ते चाललं. पण गावांचेही नोड आहेत, आणि मूळ गावाला शेकडो एज आहेत: कुणाचा जन्म तिथला, कुणाचं सासर, कुणाची शेती. 'इथे दिलेल्या मुली' शोधायच्या तर प्रत्येक एजची प्रॉपर्टी उघडून पाहावी लागते. नेहमीच्या सेटिंगमध्ये एका नोडच्या एज 50च्या वर गेल्या की निओफोरजे त्यांचे प्रकार आणि दिशेनुसार गट करतो. माझा प्रकारच एक, त्यामुळे त्याचा फायदा जवळपास नाहीच.

आता वाटतंय, माणसांमध्ये फक्त 'जन्म', 'दत्तक' आणि 'विवाह' ठेवावेत. मामा काय, दोन पायऱ्या वर आणि एक खाली, क्वेरीतून (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातून) निघतो. घोडं अडलंय विवाहापाशी. दिशा द्यावीच लागते, ती कुणाकडून कुणाकडे? दोन्हीकडून दिली तर लग्नं दुप्पट मोजली जातात. आणि माझी पणजी माहेरची चिमा, सासरची लक्ष्मी. हे दुसरं नाव तिचं मानायचं की लग्नाचं? त्यात लग्नाचं साल पुस्तकात एक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत दुसरं. दोन्ही पुरावे जपायचेत, पण एजला एज जोडता येत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
ताई, तीन प्रकारांचा विचार योग्य आहे. वाट निवडायला जे लागतं ते प्रकारात ठेवा, पोचल्यावर नुसतं वाचायचं ते प्रॉपर्टीत. म्हणून 'दत्तक' वेगळाच हवा: आनुवंशिक आजार बघताना फक्त 'जन्म'वरून जाल, घराणं बघताना दोन्हींवरून. सायफरमध्ये (निओफोरजेच्या क्वेरीच्या भाषेत) दोन प्रकारांच्या मधे उभी रेघ दिली की दोन्ही एकदम मागता येतात. विवाहाची एज एकाच दिशेने टाकून क्वेरीत बाण गाळला तरी भागतं. पण तुमच्याकडे दोन पुरावे आहेत, तेव्हा विवाहाचा नोडच करा. वधू, वर, गाव, पुस्तक, वही, सगळं त्याला जोडा आणि ज्याचं साल त्याच्या एजवर लिहा. नवरा-बायकोत एक पायरी वाढेल, बाराशे माणसांत ती जाणवणारही नाही.

प्रतिसाद २
सासरचं नाव वधूच्या एजवर ठेवा, पुनर्विवाहात दुसरं नावही नीट बसेल. मुलं मात्र विवाहाला न जोडता आईला आणि वडिलांना वेगवेगळी जोडा, म्हणजे सावत्र भावंडं क्वेरीतून आपोआप ओळखू येतील.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पणजीचं लग्न नोड करून पाहिलं, चिमाच्या माहेरची माणसं पहिल्यांदाच आमच्या झाडाला लागली! आणखी एक: ज्या सुनांचं माहेर कुठेच लिहिलेलं नाही, त्यांना 'अज्ञात' नावाच्या एका गावाला जोडलंय. चालेल का?

प्रतिसाद १
नको ताई. त्या सगळ्याजणी एकाच गावच्या ठरतील आणि दोन माणसांमधली जवळची वाट शोधताना परकी घराणी शेजारी येतील. माहेर सापडेल तेव्हाच एज जोडा.