गुलामी संपल्यावर मॉरिशसचा ऊस कोणी तोडला?

संगमेश्वरी
आमच्या संगमेश्वराकडे जुनी माणसं सांगत, भावकीतला एक जण 'मिरीच बेटावर गेला' तो परत आलाच नाही. आजेसासूबाईंच्या तोंडून मी हे दोन-तीनदा ऐकलंय. मिरीच म्हणजे मॉरिशस, हे फार पुढे कळलं. आता मुलाच्या अभ्यासात आलंय की तिथे 1835 मध्ये गुलामी संपली आणि हिंदुस्थानातून मजूर नेले. मला एकच कळत नाही. जी माणसं गुलाम होती तीच मोकळी होऊन मजुरीवर का राहिली नाहीत? समुद्रापलीकडून माणसं आणायचा खटाटोप कशासाठी? शेतीतलं कळणाऱ्या कोणी सांगेल का?

शिरोळचा ऊसकरी
ताई, मी घरचा ऊसवाला. सहा वर्षं मॉरिशसच्या एका कारखान्याच्या शेती विभागात नोकरीला होतो.

तिथल्या उसात आधी डोळ्यांत भरतात ते दगड. ज्वालामुखीचं बेट, सगळा काळा कातळ. फडाच्या मधोमध दगडांचे ढीग उभे, काही पार माडीएवढे, कडेने बांधासारखे नीट रचलेले. सगळे हातांनी वेचलेले, आधी गुलामांनी, मग आपल्या माणसांनी. अशा जमिनीत नांगर चालत नव्हता. दगडांच्या मधल्या जागेत खड्डे खणायचे नि त्यात कांड्या ठेवायच्या. एकदा लावण झाली की सात-आठ वर्षं खोडव्यावर खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक. म्हणजे बैलाचं कामसुद्धा माणसाच्या पाठीवर. माणूस निघून गेला की शेती तिथेच बसली.

1 फेब्रुवारी 1835 ला साधारण 66 हजार माणसं कायद्याने सुटली. पण 'उमेदवारी' असं नाव देऊन त्यांना त्याच मालकाकडे बांधून ठेवलं, खरी सुटका 1839 च्या मार्चअखेर झाली. मालकांना इंग्रज सरकारने 21 लाख पौंडांवर भरपाई मोजली. ज्यांनी चाबूक खाल्ला त्यांना ना पैसा, ना हातभर जमीन. तरीही ती माणसं फड सोडून गेली. मालक म्हणाले, आळशी आहेत. हे मी तिथे आजच्या माणसांच्या तोंडूनही ऐकलं आणि दर वेळी संतापलो. आळशी कसली? कोणी मासेमारी धरली, कोणी सुतारकी, गवंडीकाम, कोणी डोंगरकडेला भाजी लावली, कोंबड्या पाळल्या. ज्या फडात आईला मारलेलं पाहिलं त्या फडात पुन्हा कोयता घ्यायचा नाही, एवढंच त्यांनी ठरवलं.

मालकांना हे आधीच कळलेलं असावं. 2 नोव्हेंबर 1834 ला, म्हणजे गुलामी संपायच्या तीन महिने आधी, 'अॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढे साडेचार लाखांवर माणसं गेली. बहुतेक बिहारकडची, मग मद्रासची. मुंबई बंदरातून गेलेले आपले लोक त्या मानाने थोडे.

आता करार पाहा. पाच वर्षं, पुरुषाला महिना 5 रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ. दिसायला मजुरीच. पण न सांगता एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची. मी लहान असताना आमच्या फडावर बीडकडची टोळी असायची. एका सकाळी एक बाई तापाने पालात पडून होती. मुकादमाने वही उघडून तिच्या नवऱ्यासमोर खाडा, म्हणजे गैरहजेरी, मांडला. तो काही बोलला नाही, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली होती, बोलणार काय. पोर्ट लुईत त्या दुप्पट कापणीबद्दल वाचलं तेव्हा मला ती वही आठवली. तिथे तर खाडाच दुप्पट. आणि तिथल्या मुकादमालाही 'सरदार' म्हणत, ताई, आपलाच शब्द.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते असं. मालकांना नुसते हात नको होते, सोडून जाता न येणारे हात हवे होते. सुटलेल्यांना थांबवायचं तर मजुरी वाढवावी लागली असती. ती न वाढवताही 1860 च्या आसपास बेट वर्षाला लाख टनांवर साखर काढू लागलं.

संगमेश्वरी
दादा, खाड्याचं वाचून पोटात कालवलं. पण मग आज तिथे आपल्या लोकांच्या जमिनी आहेत असं ऐकते, त्या कशा झाल्या?

वाक्वाची
नमस्कार, मी मॉरिशसची. घरी आम्ही क्रेओल, म्हणजे इथली बोली, बोलतो, मराठी मी शाळेत शिकले.

करार संपलेल्यांनाही मोकळं फिरता येत नसे. 1867 च्या कायद्याने जवळ फोटोचा पास ठेवायचा, नसला तर भटक्या म्हणून अटक. याविरुद्ध आदोल्फ द प्लेवित्झ या मळ्याच्या व्यवस्थापकांनी 1871 मध्ये अर्ज केला, त्यावर 9,401 जुन्या मजुरांची नावं होती. मग लंडनहून चौकशी आयोग आला.

जमीन मिळाली ती साखरेचे भाव पडल्यावर. युरोपात बीटची साखर वाढली, मालक अडचणीत आले आणि त्यांनी कडेच्या, दगडाळ जमिनी तुकडे करून विकल्या. पुष्कळदा पैसेवाले सरदार मध्ये होते. आमच्या घरचा तुकडा दीड आर्पां, तुमचा दीड एकर समजा. माझ्या पणजोबांनी त्यातले दगड काढून घराभोवती भिंत घातली. मजूर भरती करणारे सांगत, मिरीचला दगड उलटला की खाली सोनं सापडतं. आजोबा ती भिंत दाखवून म्हणायचे, एवढे दगड उलटले.

आमच्या गणपतीत झाकरी नाचतात. तुमच्याकडे जाखडी म्हणतात ना?

तुमच्या माणसाचा शोध घ्या. इथे मोका नावाच्या गावी महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा, उंची, अंगावरच्या खुणा असं लिहिलेलं असतं. पण लिहिणाऱ्यांनी ऐकू आलं तसं लिहिलं. गावाचं नाव चार तऱ्हांनी उच्चारून बघावं लागतं.

संगमेश्वरी
हो, जाखडीच! ताई, त्याचं नावच आम्हाला ठाऊक नाही. आजेसासूबाई नुसतं 'धाकटा' म्हणायच्या. बापाचं नाव मात्र घराच्या जुन्या सातबाऱ्यावर निघेल. रविवारी भावकीत जाऊन विचारते आणि इथेच लिहिते.