प्रतिसाद: गच्चीचं काम बिघडलं, भरपाई किती मागायची?

‘कंत्राटदाराला दिलेले सगळे पैसे परत मागा’ हे वर सुचवलंय, ते मला पटत नाही. करार कायदा १८७२, कलम ७३ खालचं (फ) उदाहरण नेमकं घरदुरुस्तीचंच आहे: आगाऊ पैसे घेऊन ठरल्याप्रमाणे काम केलं नाही, तर ते ठरल्याप्रमाणे करून घ्यायला जो खर्च येईल तो मिळतो. दिलेली रक्कम नव्हे.

आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग १,८०,००० ला ठरलं होतं, त्यातले ४०,००० द्यायचे बाकी होते. पहिल्याच पावसात खालच्या खोलीचं छत ठिबकलं. दुसऱ्याकडून कोबा फोडून परत करायला ९५,००० लागले, छताच्या प्लास्टर-रंगाला १२,०००. आम्ही हिशेब मांडला १,०७,००० चा. वकिलाने आधी त्यातून न दिलेले ४०,००० वजा करायला लावले. म्हणजे मागणी ६७,००० ची. हौसेने भारीतल्या टाइल्स बसवल्या, त्याचा जादा खर्च तर त्याने बिलातून सरळ खोडलाच (बायको अजून चिडते!). आणि ओल दिसत असताना दोन पावसाळे गप्प बसलात, तर त्यामुळे वाढलेलं नुकसान तुमच्याच माथी. फोडायच्या आधी तारखेसकट फोटो आणि त्रयस्थ इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. आम्ही अहवाल कोबा फोडल्यावर मागवला, तिथेच अडलो.