'ओर'ला खनिज म्हणावं की धातुक?

डिचोलीहून: गोव्यातल्या खाणीच्या एका इंग्रजी अहवालाचं मराठी करतोय. वर्तमानपत्रं 'ओर'ला (ore) सरसकट 'खनिज' लिहितात, विश्वकोशात 'धातुक' आहे. 'ओव्हरबर्डन'ला आधीच्या अनुवादकाने 'अधिभार' ठेवलाय. वाचताना वीजबिल आठवतं! काय करावं?

फोंड्याहून: दोन्ही शब्द लागतील. हेमॅटाइट हे खनिज. ठरलेलं रासायनिक संघटन, शुद्ध असेल तर जवळपास ७० टक्के लोह. धातुक म्हणजे ज्यातून धातू काढणं परवडतं असा खडक. आपल्या चिऱ्यातही (जांभ्या दगडात) लोह असतं, तांबूस रंग त्याचाच. पण चिऱ्याला कोणी लोहधातुक म्हणत नाही, त्याची घरं बांधतात. (गोएथाइटही इथे सापडतं. नावाचा गोव्याशी संबंध नाही, ते जर्मन कवी गटेचं.)

सावर्ड्याहून: खाणीवर इतकी वर्षं काढली, 'धातुक' कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. आम्ही 'माल' म्हणायचो. मोठे तुकडे ते लंप, दहा मिलिमीटरच्या आतले फाइन्स. आपल्याकडे भुकटीच जास्त. आणि 'परवडतं' म्हणालात ते खरं, पण कोणाला आणि कधी? कमी ग्रेडचा माल पूर्वी डंपावर, म्हणजे बाजूला टाकलेल्या ढिगावर जायचा. २००० नंतर चीनची मागणी वाढली, तेव्हा तेच डंप उकरून बार्जीत भरले. डोंगर तोच, माती तीच, भाव बदलला.

डिचोलीहून: म्हणजे 'डंप'ला 'टाकाऊ ढीग' लिहिलंय ते खोडावं लागेल.

फोंड्याहून: खोडाच. सर्वोच्च न्यायालयाच्या २१ एप्रिल २०१४ च्या निकालात लीजक्षेत्राबाहेर (भाडेपट्ट्याने दिलेल्या खाणजमिनीबाहेर) खनिजांचे डंप टाकायला मनाई आहे. खुद्द निकाल खनिज म्हणतो, आणि तुम्ही कचरा म्हणणार? 'डंप'च ठेवा, गोव्यात शाळकरी पोरालाही कळतो. ओव्हरबर्डन मात्र वेगळं: माल लागेपर्यंत वरची जी माती आणि खडक काढावा लागतो तो. 'वरचा थर' लिहा.

सावर्ड्याहून: डंपात दोन्ही मिसळलेलं असतं हो. कागदावर वेगळं.

डिचोलीहून: आणि 'कन्सेशन'? 'सवलत' चालेल?

फोंड्याहून: अजिबात नको! सवलत एसटीच्या पासावर. हे पोर्तुगीज काळात दिलेले खाणहक्क. १९८७ च्या कायद्याने ते रद्द करून २० डिसेंबर १९६१ पासून लीज मानले. 'खाण-कन्सेशन' किंवा 'खाणहक्क', पण पूर्ण अहवालात एकच.

सावर्ड्याहून: 'बेंच'चं 'बाक' केलं नाही ना कुठे? खाणीच्या उतारावर खोदलेल्या पायऱ्या त्या.

डिचोलीहून: बाराव्या पानावर आहे. बदलतो.