ओव्हिडच्या पंधराव्या सर्गातला पायथागोरस वाट दाखवतो की चकवतो?

लघुगुरू

रोमन कवी ओव्हिडचं लॅटिन महाकाव्य ‘मेटामॉर्फोसेस’ म्हणजे 15 सर्ग, जवळजवळ 12 हजार ओळी आणि अडीचशेच्या आसपास रूपांतरकथा. शेवटच्या सर्गात, ओळ 75 पासून 478 पर्यंत, पायथागोरस सलग बोलत सुटतो. सगळं बदलतं, नष्ट काहीच होत नाही, आत्मा या देहातून त्या देहात फिरतो, म्हणून मांस खाऊ नका. या 404 ओळींना ‘सगळ्या काव्याची तात्त्विक किल्ली’ म्हणायची अभ्यासकांत जुनी खोड आहे. माझं म्हणणं, ही किल्ली एकाही कुलपाला लागत नाही.

कथांत काय घडतं ते बघा. पायथागोरसच्या मते देह मागे पडतो आणि आत्मा पुढे जातो, तेही मेल्यावर. कथांमध्ये सहसा कुणी मरतच नाही. मन जागच्या जागी राहतं आणि देह त्याच्याभोवती बदलतो. कॅलिस्टोची अस्वल होते तेव्हा कवी मुद्दाम सांगतो, ‘मेन्स आंतिक्वा मानेत’ (2.485, म्हणजे सर्ग 2, ओळ 485), पूर्वीचं मन तसंच राहिलं. हरीण झालेल्या ॲक्टेऑनचंही तेच (3.203). भीती सगळी तिथून येते: आतला माणूस शाबूत आहे आणि त्याला बोलता येत नाही. देहांतराच्या सिद्धांतात या भीतीला जागा नाही.

दुसरं, दिशा. पायथागोरसचा बदल अखंड चालू राहतो, कथांतला बहुतेक वेळा एकदाच होतो आणि तिथेच थिजतो. अपोलो देवापासून पळणारी डाफ्ने लॉरेलचं झाड झाली ती झालीच.

तिसरं, भाषणाआधीची ओळ 74. पायथागोरसने तोंड उघडलं, ते ‘विद्वान खरं, पण कुणाचा विश्वास न बसलेलं’. वर श्रोता म्हणून रोमचा राजा नूमा. नूमा पायथागोरसच्या आधी शतकाहून जास्त काळ होऊन गेला, त्यामुळे ही गुरुशिष्याची जोडी अशक्य आहे, हे सिसेरो आणि लिव्ही या दोघा रोमन लेखकांनी ओव्हिडच्या आधीच लिहून ठेवलं होतं. ऐकणाऱ्या रोमन माणसाला ते ठाऊक होतं.

मराठी वाचकाला इथे एक जादा चकवा आहे. ‘वासांसि जीर्णानि’ कानात असल्यामुळे हे भाषण आपल्याला घरचं वाटतं आणि आपण त्यात नकळत कर्मसिद्धांत भरतो. मुळात तो नाही. कुणाचा आत्मा कुठे जावा याला तिथे पापपुण्याचा हिशेब लागत नाही, तो नुसता भटकतो.

मेणाचा ठसा

साफ असहमत. ओळ 74 चा विनोद सगळ्यांना दिसतो. त्यापुढे वाचायचं की नाही एवढाच प्रश्न आहे.

15.169 ते 172 वाचा. मऊ मेणावर नवेनवे ठसे उमटतात, ते पूर्वीसारखं राहत नाही, तरी मेण तेच असतं. आता मागे जाऊन 10.284 ते 286 काढा. शिल्पकार पिग्मॅलियन हस्तिदंताच्या मूर्तीला हात लावतो आणि ती हिमेटस डोंगरावरच्या मेणासारखी उन्हात मऊ होते, अंगठ्याने दाबली की हवा तो आकार घेते. उपमा तीच, पदार्थ तोच. दहाव्या सर्गातल्या सर्वांत प्रसिद्ध रूपांतराची उपमा कवी पंधराव्यात तत्त्वज्ञाच्या तोंडी देतो, तेव्हा तो नुसती थट्टा करत नसतो.

फिलिप हार्डी यांचा 1995 सालचा लेख वाचल्याशिवाय या भाषणावर बोलूच नये. त्यांच्या मते वरवर पायथागोरस असला तरी आतली परंपरा ग्रीक तत्त्वज्ञ-कवी एम्पेडोक्लिसची आहे: निसर्गाचं तत्त्वज्ञान षट्पदी वृत्तात सांगणारं महाकाव्य. तीच वाट पुढे रोमन कवी ल्युक्रेशियसने लॅटिनमध्ये आणली. पहिल्या सर्गात विश्वाची उत्पत्ती येते, शेवटच्यात विश्वाची अस्थिरता. दोन टोकांना तत्त्वज्ञानाच्या खुंट्या आणि मधे कथांचा दोर. खुंट्या उपटल्या तर दोर जमिनीवर पडतो.

आणि ‘एकदाच होऊन थिजतं’ म्हणता, तर मेस्त्राचं काय? आठव्या सर्गात बाप तिला विकतो, ती रूप बदलून सुटते, तो पुन्हा विकतो. आयो गाय होते आणि पुन्हा बाई होते. हवं ते रूप घेणारा प्रोटियस आहे. पुरुषाची बाई आणि पुन्हा पुरुष झालेला टायरेसियस आहे.

लघुगुरू

मेस्त्रा मान्य, आयोही मान्य. म्हणून ‘बहुतेक वेळा’ लिहिलं होतं.

पण मेण तुम्ही अर्धंच वाचलंत. दहाव्या सर्गात मेणावर अंगठा आहे. कुणीतरी घडवतंय, दाबतंय, आणि वापराने ते कामाचं होतंय. पंधराव्यात ठसे उमटतात, पण उमटवणारा हात कुठेच नाही. कारागिराचं मेण तत्त्वज्ञाकडे गेलं आणि कारागीर गळाला! तेच मेण दोनदा आणून ओव्हिडने फरक दाखवलाय असं मी म्हणेन.

आणखी एक. 15.234 मध्ये पायथागोरस काळाला ‘सगळं खाऊन टाकणारा’ म्हणतो, शब्द ‘एदाक्स’. त्यानंतर 637 ओळींनी, 15.871-872 मध्ये, ओव्हिड स्वतःच्या नावाने सांगतो की माझं काम जुपिटरचा कोप, आग, लोखंड किंवा खादाड जुनेपणा पुसू शकणार नाही. पुन्हा ‘एदाक्स’. काव्य संपायला आठ ओळी उरल्या असताना कवी तत्त्वज्ञाचाच शब्द घेऊन त्याला खोटं पाडतो.

तळटीप

वाद चालू द्या, पण कुठली आवृत्ती उघडून भांडताय ते आधी बघा. निम्मे गोंधळ तिथून होतात.

मूळ संहितेसाठी रिचर्ड टॅरंट यांची 2004 ची ऑक्सफर्ड आवृत्ती. लॅटिन आणि इंग्रजी समोरासमोर छापणाऱ्या लोएब मालेचे 42 आणि 43 हे खंड चालतील, पण मिलर यांचं 1916 चं मूळ काम नको, गूल्ड यांनी सुधारलेलं घ्या. जालावर फुकट मिळतं ते बहुधा जुनं असतं. जुन्या पाठात काय बिघडतं याचा नमुना दुसऱ्याच ओळीत आहे. देवांनो, माझ्या या उपक्रमावर फुंकर घाला, ‘कारण तुम्हीच बदललंत...’ काय बदललंत? बहुतेक हस्तलिखितांत ‘इल्लास’ आहे, म्हणजे ‘ती रूपंही’. अर्थ सरळ, पण मिळमिळीत. ई. जे. केनी यांनी 1976 मध्ये ‘इल्ला’ या पाठाची बाजू लावून धरली, म्हणजे ‘तो उपक्रमही’. टॅरंट यांनी तोच पाठ छापला.

एका ‘स’ने काय होतं? ओव्हिड तोवर प्रेमकवितेच्या द्विपदीसाठी प्रसिद्ध होता. त्या द्विपदीची दुसरी ओळ आखूड, मधे मोडणारी. आता ही ओळ मोजा: ‘कॉर्पोरा दी कोएप्तिस’. एक गुरू दोन लघू, दोन गुरू, एक गुरू. इथपर्यंत ती द्विपदीची दुसरी ओळही असू शकते. मोड येते आणि पुढे ‘नाम वोस मू’ असे तीन गुरू पडतात. द्विपदीत मोडीनंतर एका गुरूपाठोपाठ दोन लघू यावेच लागतात. म्हणजे हे महाकाव्याचं वृत्त आहे हे श्रोत्याला नेमकं ‘तुम्ही बदललंत’ म्हणताना कळतं. अभंग म्हणून कान लावावा आणि चरणाच्या मधोमध ती ओवी निघावी, तसं. पहिलं रूपांतर कवितेचंच. ‘इल्लास’ वाचलं तर हा सगळा खेळ पाण्यात.

भाष्यांपैकी बोमर यांचं जर्मन भाष्य (1969 ते 1986, सात खंड) समांतर उतारे शोधायला, बार्किएसी यांच्या संपादनातलं इटालियन भाष्य (सहा खंड, 2005 पासून) अर्थासाठी. त्यात 13 ते 15 सर्गांचा खंड हार्डी यांचाच आहे, तेव्हा ‘मेणाचा ठसा’ यांची सरशी तिथे आधीच झालेली दिसेल. :)

ब्रुक्स ओटिस यांचं ‘ओव्हिड ॲज ॲन एपिक पोएट’ मात्र जपून. 1966 च्या आवृत्तीत त्यांनी ओव्हिडला सम्राट ऑगस्टसच्या बाजूचा कवी ठरवलं. 1970 च्या दुसऱ्या आवृत्तीत आपलं मत चुकलं असं छापून फिरवलं. वर्ष न देता ‘ओटिस म्हणतात’ लिहिणाऱ्याचं काय म्हणणं आहे ते कळायला मार्ग नाही. विद्वानाने असं जाहीरपणे माघारी फिरणं दुर्मीळ, एवढ्यासाठी तरी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचाव्यात.

जोसेफ सोलोडो यांचं 1988 चं पुस्तक लघुगुरूंच्या बाजूचं आहे. त्यांच्या मते रूपांतर म्हणजे उलगडा. क्रूर राजा लायकेऑनचा लांडगा होतो तेव्हा तेच पिकले केस, तोच चेहऱ्यावरचा हिंस्रपणा (1.238-239). तो मुळात जे होता ते आता उघड दिसतं, इतकंच.

छिन्नी

सगळे ओळी मोजताहात. दगडात काय झालं ते कुणी बघणार का?

इटालियन शिल्पकार बर्निनीचं ‘अपोलो आणि डाफ्ने’, 1622 ते 1625, रोमची बोर्गेझे गॅलरी, उंची 243 सेंटिमीटर. ओव्हिडचा क्रम असा: अंग जड होतं, छातीभोवती पातळ साल चढते, केसांची पानं, हातांच्या फांद्या, मघाचे चपळ पाय मुळांत रुततात, चेहऱ्याच्या जागी शेंडा (1.548 ते 552). हे सगळं संपल्यावर अपोलो खोडावर उजवा हात ठेवतो आणि नव्या सालीखाली काळीज अजून धडधडताना त्याला जाणवतं. बर्निनी दोन गोष्टी बदलतो. स्पर्श अलीकडे आणतो, म्हणजे रूपांतर अर्ध्यावर असतानाच. आणि हात डावा, तो तिच्या कमरेशी चढलेल्या सालीवर टेकलेला. बोटांखाली साल, वर लगेच उघडी त्वचा.

साल तिथेच का, याचं एक कारण अगदी रोकडं आहे. संगमरवर दाब सोसतो, ताण सोसत नाही. धावत्या आकृतीचं सगळं वजन घोट्यांवर येतं आणि घोटा तडकतो. ब्राँझच्या पुतळ्यांच्या संगमरवरी नकला करताना रोमन कारागीर म्हणूनच पायाशी झाडाचा बुंधा ठेवत. कथेशी त्याचा काडीचा संबंध नसे. बर्निनीने तो बुंधाच कथा केली. जमिनीतून चढणारी साल आणि मुळं वजन पेलतात, आणि तीच रूपांतर आहेत. वरची पातळ पानं व मुळांचे तंतू यांतलं पुष्कळसं बारीक काम त्याचा साहाय्यक ज्युलियानो फिनेल्लीचं मानलं जातं.

बैठकीवर माफेओ बार्बेरिनीची, म्हणजे पुढे पोप झालेल्या आठव्या अर्बनची, लॅटिन द्विपदी आहे: पळत्या रूपाच्या सुखामागे धावणाऱ्या प्रेमिकाच्या हाती पाला येतो नाहीतर कडू फळं. कार्डिनलच्या घरात उघडी डाफ्ने ठेवायची तर तात्पर्याचं एवढं फडकं हवंच! मला यात लघुगुरूंचा मुद्दा दिसतो. तत्त्वज्ञान खाली पाटीवर, काम वर दगडात.

मेणाचा ठसा

छिन्नी, मूर्तीबद्दल एक अक्षरही नाकारत नाही. पण पाटी बार्बेरिनीने लावली. पायथागोरस ओव्हिडने स्वतः आणलाय.

लघुगुरूंनी 871 वर थांबायला नको होतं. 875 मध्ये ‘माझा उत्तम अंश’ ताऱ्यांच्या वर जातो. 878 मध्ये ‘लोकांच्या मुखाने मी वाचला जाईन’. शेवटचा शब्द ‘विवाम’, जगेन. आता लॅटिनमधल्या षट्पदी महाकाव्याची सुरुवात आठवा. ओव्हिडच्या आधीचा रोमन कवी एनियस (वीर इनियस नव्हे) याला स्वप्नात होमर भेटतो आणि सांगतो की माझा आत्मा मोरातून तुझ्यात आला आहे. निखळ पायथागोरस! एका कवीचा आत्मा दुसऱ्यात जातो ही कल्पना लॅटिनमध्ये तेव्हापासून आहे. ओव्हिड तीच घेतो आणि मोराच्या जागी वाचकाचं तोंड ठेवतो. मोठ्याने वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मुखात त्याचा आत्मा काही क्षण राहायला येतो. पायथागोरस खोटा पडलेला नाही, त्याचा सिद्धांत कवीने स्वतःच्या कामाला जुंपलाय.

लघुगुरू

हे 878 चं मला आधी असं दिसलं नव्हतं. एनियसचा मोर बिनतोड आहे.

तरी ‘जुंपलाय’ हा शब्द तुमचाच. सिद्धांत बैल झाला, मालक नव्हे. मी किल्ली नाकारली ती याच अर्थाने. मांसाहाराच्या सुमारे 90 ओळींचं काय करायचं हा प्रश्न तसाच आहे, त्या कवीने कुठेच जुंपलेल्या नाहीत.

पानगळ

थोडं अवांतर, मराठीत आणण्याबद्दल. लॅटिन ‘फॉर्मा’ला इंग्रजीत कधी आकार, कधी सौंदर्य असे दोन शब्द घ्यावे लागतात आणि धागा तुटतो. आपल्याकडे ‘रूप’ दोन्ही पेलतं. पहिल्या ओळीतली बदललेली रूपं आणि डाफ्नेला उद्देशून 1.489 मधलं ‘तुझं रूपच तुझ्या मागण्याच्या आड येतं’, दोन्हीकडे एकच शब्द ठेवता येतो. भाषांतरात तो कटाक्षाने एकच ठेवावा. ‘सौंदर्य’, ‘लावण्य’ करत बसू नये.

1.549 मध्ये ‘लिबेर’ म्हणजे साल आणि पुस्तकही, तेव्हा पातळ साल छातीला वेढते आणि डाफ्ने पुस्तकात बांधली जाते. सालीवरचा हा श्लेष मराठीत मरतो (भूर्जपत्राची आठवण काढून टीप देता येईल, पण टीप दिलेला श्लेष म्हणजे थंड चहा). पुढच्याच ओळीत केसांची ‘पानं’ होतात, तिथे तो आपोआप जिवंत होतो. आयो धुळीत पायाने अक्षरं काढते (1.649), तिथल्या ‘पेस’ला ‘चरण’. गाईचं पाऊल आणि कवितेचं पाऊल, दोन्ही.

तळटीप

‘रूप’बद्दल सहमत, एका अडचणीसह. 1.547 मध्ये डाफ्ने ‘फिगुरा’ नष्ट कर म्हणते, ‘फॉर्मा’ नव्हे. तिथेही ‘रूप’ घातलं तर मूळ फरक बुजतो आणि ‘आकृती’ घातलं तर भूमितीचा वास येतो. त्यात 544 ते 547 हा भाग हस्तलिखितांत दोन तऱ्हांनी आलाय, एकीत ती धरणीला हाक मारते, दुसरीत बापाला, म्हणजे पेनेयस नदीला. भाषांतराला बसण्याआधी कुठली तऱ्हा घेतली ते ठरवून समासात लिहून ठेवा. नाहीतर एका ओळीत धरणी आणि पुढच्या ओळीत नदी अशी खिचडी होते. मी ‘काया’ सुचवेन. ‘जिच्यामुळे मी नको तितकी आवडले, ती काया बदलून मिटव.’

पानगळ

‘काया’ चालेल. ‘मिटव’ नको, ‘मोड’.