टॉगल स्विचला मराठीत काय म्हणावं?

खटपट्या
भाचा सांगलीला असतो, अकरावीत. त्यानं सेसना १७२ या छोट्या विमानाचं पॅनेल घरी करायला घेतलंय. प्लायवर ओळीनं स्विच, मागे ते वाचणारा आर्डुइनो मेगा हा छोटा बोर्ड, संगणकावर विमान उडवायचा सिम्युलेटर आणि बोर्डाला त्याच्याशी जोडणारं मोबीफ्लाइट. विज्ञान मराठीतून शिकलाय, त्यामुळे रोध, विभवांतर, एकसर जोडणी, समांतर जोडणी हे शब्द त्याच्या तोंडात बसलेले आहेत. म्हणून जोडणीची टिपणं मी मराठीतच लिहून देतोय. गाडी अडली ती 'टॉगल स्विच'पाशी, म्हणजे दांडी वर-खाली करायच्या स्विचपाशी. कळ, खटका, बटण की चाप? आणि एलईडी 'लागतो' म्हणायचं की 'पेटतो'?

जुना वायरमन
मराठी शब्द काहीही लिहा, पण शेजारी दुकानातला शब्दही लिहून द्या. पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन पोरगं 'कळ द्या' म्हणालं तर रिकाम्या हातानं परत येईल. तिथे उलटा प्रश्न येतो: तीन पिन का सहा पिन? सेंटर ऑफ, म्हणजे मधे बंदची जागा, पाहिजे का? दाबायचं असेल तर पुश टू ऑन (दाबून धरलं तेवढंच चालू) का लॅचवालं (एकदा दाबलं की तसंच राहणारं)? मुंबईत लॅमिंग्टन रोडलाही हीच बोली. रंगीत पट्टीची वायर म्हणजे रेनबो, भोकांचा बोर्ड म्हणजे झिरो पीसीबी, पिनांची पट्टी म्हणजे बर्ग स्ट्रिप. त्यांना मराठी शब्द शोधत बसू नका.

खटका आम्ही मेन स्विचला म्हणायचो. 'आधी खटका पाड, मग हात घाल.'

अनुस्वार
काकांच्या वाक्यातच उत्तर आहे. खटका पाडला की पडलेलाच राहतो. कळ दाबली की बोट उचलताच वर येते. कळफलकावरच्या सगळ्या कळा तशाच. बटण या शब्दात दोन्ही मावतात, म्हणून टिपणात तो कुचकामी. चाप बंदुकीला नाहीतर केसांना. तेव्हा टॉगल आणि रॉकर (घरातल्या भिंतीवर असतो तसा) हे खटके, पुश टू ऑन ही कळ.

('कळ लावणे' हा नारदमुनींचा विभाग. त्याला वायर लागत नाही.)

सत्तावीस-नऊ
मी स्वतः पॅनेलं बांधतो. अनुस्वार यांची वाटणी मला पटली, कारण 'टॉगल' या शब्दानं या छंदात पुष्कळ घोळ घातलाय. प्लायवर बसवलेला टॉगल म्हणजे दांडीचा स्विच. त्याला स्वतःची जागा असते, वर किंवा खाली. सिम्युलेटरच्या आज्ञांच्या यादीतला टॉगल म्हणजे 'आत्ता जे असेल त्याच्या उलट कर'. त्याला जागा नसते. नाव एकच, म्हणून नवा माणूस हा त्याला जोडून मोकळा होतो.

मग काय होतं पाहा. धावपट्टीवर, इंजिन चालू अशा स्थितीतून उड्डाण सुरू केलं. सिम्युलेटरनं लँडिंग लाइट आधीच लावून ठेवलेत आणि आपला खटका खाली आहे. आपण तो वर केला, 'उलट कर' ही आज्ञा गेली आणि दिवे बंद झाले. इथून पुढे खटका वर असताना अंधार आणि खाली असताना उजेड. एक्स-प्लेन असो की मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर, दोन्हींत लँडिंग लाइटसाठी 'चालू', 'बंद' आणि 'टॉगल' अशा तीन वेगळ्या आज्ञा आहेत. खटक्याला पहिल्या दोन द्यायच्या: वर गेला की 'चालू', खाली आला की 'बंद'. मोबीफ्लाइटमध्ये दाबणं आणि सोडणं यांना वेगवेगळी कृती नेमता येते, ती सोय याच कामाची.

कळेचं उलट आहे. कळेला स्वतःची जागा नाही, तेव्हा तिथे टॉगल आज्ञाच योग्य. फक्त शेजारी दिवा हवा, नाहीतर चालू-बंद कळणार कुठून?

मी टिपणात दांडीला 'खटका' आणि आज्ञेला 'पालट' लिहीन. 'टॉगल' फक्त दुकानाच्या चिठ्ठीवर.

खटपट्या
पालट! घेतला. मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राच्या, किल्लीचं काय करू? ऑफ, राइट, लेफ्ट, बोथ, स्टार्ट अशा पाच जागा आहेत.

सत्तावीस-नऊ
चार ठिकाणी खटका, पाचव्या ठिकाणी कळ. स्टार्टवर स्प्रिंग असते, हात सोडला की किल्ली बोथवर येते. साधा पाच जागांचा रोटरी (गोल फिरवायचा स्विच) घेतला तर ती स्प्रिंग मिळत नाही. मग चार जागांचा रोटरी आणि स्टार्टला वेगळी कळ, हा सोपा मार्ग.

जुना वायरमन
शब्दांचंच चाललंय तर 'बंद' या शब्दाकडे आधी बघा. घरात 'स्विच बंद' म्हणजे दिवा नाही. पुस्तकात 'बंद परिपथ' म्हणजे प्रवाह वाहतोय. पोराच्या डोक्यात दोन्ही आहेत.

सत्तावीस-नऊ
काका, त्यात आर्डुइनो तिसरी गाठ मारतो. नेहमीची पद्धत अशी की खटक्याचं एक टोक पिनेला, दुसरं ग्राउंडला आणि बोर्डाच्या आतला पुल-अप रोध चालू. हा रोध २० ते ५० किलोओहमचा असतो आणि पिनेला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. खटका सुटा असेल तर पिनेवर 'हाय', जुळला की 'लो'. म्हणजे आपण चालू केलं की आर्डुइनोला शून्य दिसतं. मोबीफ्लाइट हे परस्पर सांभाळतं, पण स्वतः कोड लिहिणाऱ्याला माहीत हवं.

खऱ्या सेसनातही अशीच उलटापालट आहे. किल्ली ऑफवर नेली की मॅग्नेटोची तार विमानाच्या धातूच्या अंगाला जुळते आणि ठिणगी थांबते. इंजिन बंद म्हणजे संपर्क जुळलेला. ती तार मध्येच तुटली तर किल्ली ऑफवर असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. उभ्या विमानाचा पंखा हातानं फिरवू नये म्हणतात त्याचं हे एक कारण.

अनुस्वार
मग संपर्कासाठी 'जुळला' आणि 'सुटला' हेच ठेवा, 'बंद' टाळा. दिव्यासाठी आणि आज्ञेसाठी 'चालू-बंद' चालेल. ग्राउंडला काय? पाठ्यपुस्तकात 'भूसंपर्क तार' आहे.

जुना वायरमन
ती घराची, तिसऱ्या पिनेची. तिला अर्थिंग म्हणा. या पॅनेलवरचा ग्राउंड जमिनीत कुठेच जात नाही, तो यूएसबीच्या ऋण टोकाला जातो. आम्ही त्याला 'कॉमन' म्हणतो. सगळ्या खटक्यांचं एकेक टोक एकाच काळ्या वायरीवर घ्यायचं आणि ती बोर्डाला न्यायची. 'अर्थ' लिहिलंत तर पोरगं भिंतीतल्या सॉकेटकडे जाईल, आणि मग अनर्थ.

अनुस्वार
टाळ्या, काका.

दिव्याबद्दल. निरांजन पेटतं, चूल पेटते, भांडण पेटतं. विजेचा दिवा लागतो. एलईडीलाही 'लागतो'च लिहा. जाताना मात्र सांभाळा. देवापुढचा दिवा आपण विझवत नाही, शांत करतो. आणि 'दिवा गेला' म्हटलं तर तो उडाला असाही अर्थ होतो. 'मालवला' हा सुंदर शब्द पडून आहे. लुकलुकण्याला 'उघडझाप'.

खटपट्या
ऑइल प्रेशरचा (तेलाचा दाब कमी) लाल आणि लो फ्युएलचा (इंधन कमी) अंबर असे दोन इशाऱ्याचे दिवे आधी करायचेत. अंबर म्हणजे पिवळा लिहू?

सत्तावीस-नऊ
केशरी लिहा. विमानात लाल म्हणजे लगेच हालचाल करा, अंबर म्हणजे लक्ष द्या, पुढे काहीतरी करावं लागेल. ऑइल प्रेशर २० पीएसआयच्या खाली गेला की लाल. टाकीत ५ गॅलनहून कमी इंधन मिनिटभर राहिलं की अंबर. वळणात टाकीतलं पेट्रोल हिंदकळून उगाच दिवा लागू नये म्हणून ते मिनिट.

प्रत्येक एलईडीला स्वतःचा रोध, एकसर. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट खातो, ५ मधून उरले ३. ३३० ओहम लावला तर सुमारे ९ मिलिअँपिअर. मेगाच्या एका पिनेकडून २० च्या वर मागू नये. पाव वॉटचा रोध पुरतो.

खटपट्या
शेवटचा एक. सोल्डरिंग?

जुना वायरमन
डाख. कल्हईवाल्यांपासूनचा शब्द आहे. 'डाख दे' म्हटलं की काम समजतं. फक्त दुकानात सोल्डर वायर मागा, ६०-४० ची.