चर्चा: सीलच्या कातड्याची फॅशन म्हणजे परंपरा जपणं की विकायला काढणं?

रानवारा:
मार्था क्याक या कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातल्या पाँड इनलेट गावच्या शिक्षिका, इनुइट म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवासी समाजातल्या. 'इनुकशिक' नावाने त्या कपडे आणि दागिनेही करतात. सील या समुद्री प्राण्याच्या कातड्याला आजच्या कापडाची जोड, जुन्या अंगरख्यांच्या धर्तीचे नवे ड्रेस असं त्यांचं काम आहे. माझ्या मते परंपरा जिवंत ठेवायचा याहून चांगला मार्ग नाही. तुम्हाला काय वाटतं?

चौकस:
मला पटत नाही. अमाउती हा बायकांचा अंगरखा, पाठीवर बाळ ठेवायला त्यात खोळ असते. कडाक्याच्या थंडीत आईच्या उबेने बाळ जगावं म्हणून तो घडला. रॅम्पवर त्याचा नुसता दागिना होतो. शिवाय सील मारणं मला मान्य नाही. युरोपीय संघाने २००९ मध्ये सीलच्या मालावर बंदी घातली ती उगाच नाही.

रानवारा:
त्याच बंदीत इनुइटांच्या शिकारीला सूट आहे, हेही सांगा ना. त्याआधी १९८३ मध्ये युरोपने सीलच्या पांढऱ्या पिल्लांची कातडी बंद केली. इनुइट ती पिल्लं मारत नव्हतेच. ते प्रामुख्याने रिंग्ड सील ही जात मारतात, मांस खातात, कातडं उरतं. तरी सगळ्याच कातड्यांचा भाव कोसळला आणि शिकारी कुटुंबांची कमाई बुडाली. सूट कागदावर राहिली, गिऱ्हाईक परत आलं नाही.

सुईदोरा:
शिवणाबद्दल कुणीच बोलत नाहीये! उलू या अर्धगोल सुरीने चरबी खरवडायची, कातडं ताणून वाळवायचं. कामिक म्हणजे बूट शिवताना सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, अर्ध्या जाडीतूनच काढायची, म्हणजे पाणी आत येत नाही. मुली हे आईजवळ बसून शिकायच्या. कॅनडात इनुइट मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळांनी मुलं नेली आणि ही साखळी तुटली. म्हणून शिकवणारी बाईच डिझायनर असणं मला मोलाचं वाटतं.

चौकस:
शिकवण्याला माझा विरोध नाहीच. पण बाजारात गेलं की नक्कल होणार. २०१५ मध्ये केटीझेड या लंडनच्या ब्रँडने एका इनुइट शामानच्या (मांत्रिक-वैद्याच्या) जुन्या अंगरख्याची नक्षी स्वेटरवर जवळजवळ जशीच्या तशी उचलली.

रानवारा:
ती तर जुन्या फोटोतली नक्षी होती, कुणी रॅम्पवर आणलेली नव्हती! त्या शामानच्या घरच्यांनी आवाज उठवला तेव्हा ब्रँडने माफी मागून स्वेटर मागे घेतला. आपण बाजारात नाही गेलो तरी चोर येतोच.

चौकस:
मग आधी कायदा हवा. कॉपीराइटला एक कर्ता लागतो, अमाउती तर अख्ख्या समाजाची. पाउक्तूतित ही इनुइट महिलांची संघटना अमाउतीच्या संरक्षणासाठी कधीची झटते आहे.

सुईदोरा:
कायदा येईपर्यंत करारात लिहून घेता येतं. २०१९ मध्ये कॅनडा गूज या कपड्यांच्या कंपनीने १४ इनुइट शिवणकर्त्यांकडून पार्के, म्हणजे टोपीवाले उबदार कोट, करून घेतले. डिझाइनचे हक्क त्यांच्याकडेच राहिले, विक्रीचे पैसे इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेला गेले.

चौकस:
हे मान्य. ही अट प्रत्येक ब्रँडला घाला. सीलबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.